टॉवेल-टोपी आणि माझं टक्कल

पोरगी बघायला लातूरला जायचं ठरलं आणि मला पहिली काळजी लागली ती डोक्याची. तिला काय विचारायचं हे नंतर. टाळूवर उजेड पडत होता आणि आधीच्या दोन ठिकाणाहून 'पोरगं वयानं मोठं दिसतं' असा निरोप आलेला.

इलाज सगळे करून झाले होते. आई म्हणायची, बोरवेलच्या पाण्यानं केस गेले. तिनं करडीचं तेल चोळलं, मग कांद्याचा रस. केस काय आले न्हाईत, पण लोहा गावातल्या माझ्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईक दोन हात लांब उभं राहू लागलं. शेवटी वडिलांना घेऊन नांदेडला चामडीच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरनी माझी टाळू बघितली आणि वडिलांना टोपी काढायला लावली.

"पाण्याला कशाला बोल लावता? हे घरातूनच आलंय."

औषध रोज लावायचं. गेलेले सगळे येणार न्हाईत, हायेत ते टिकतील. सोडलं की परत गळती. मी लावायचो, पण आठवलं तर.

तर लातूरला मी काळी कॅप घालून गेलो. पोहे झाले, चहा घेऊन ती आली, बसली, कॅप डोक्यावरच. मी मनात म्हणलं, जमलं.

मग तिचे वडील टॉवेल-टोपी घेऊन उठले. आमच्याकडं पाहुण्याला टोपी हातात देत न्हाईत, डोक्यावर घालतात. हे मला लहानपणापासून माहीत, आन कॅप घेताना नेमकं तेच ध्यानात आलं न्हाई.

"पाहुणं, कॅप काढा जरा."

"राहू द्या मामा, हातातच द्या."

"हातात द्यायला काय मेथीची जुडी हाय?"

माझे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून राहिले. मी कॅप काढली. मामांनी पांढरी टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली, जरा मागं सरून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर बसली. केसावाल्याच्या डोक्याचा अंदाजच येत न्हाई."

सगळ्यात आधी ती हसली.

नंतर आम्हा दोघांना अंगणात बोलायला सोडलं. मी म्हणलं, "टकलाचं मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

"माझेबी गेले होते की. डेंगू झाला, आन दोन-तीन महिन्यानं मुठीनं गळाय लागले. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं."

"मग काय लावलं?"

"काहीच न्हाई. डॉक्टर म्हणले, तापानं गळलेत, नीट खा, आपोआप येतील. आले." तिनं कानामागचे आखूड केस दाखवले. "तुमचे येतील का?"

"न्हाई. हायेत तेवढे राहतील. औषध रोज लावलं तर."

"लावता का रोज?"

"विसरतो."

"मग मला आठवण करावी लागल," ती म्हणाली, आणि एकदम लाजून आत पळाली. मी टोपीसकट तिथंच उभा.

लगीन झालं. काळी कॅप त्या दिवशी तिथंच राहिली होती, ती आता सासरे गाडीवर घालून फिरतात, म्हणतात ऊन लागत न्हाई. आणि रोज अंघोळ झाली की बायको औषधाची बाटली आरशापुढं आणून ठेवते. आज सकाळी मला दारातल्या उजेडात बसवून तिनं टाळू नीट बघितली.

"हायेत तेवढे हायेत," म्हणली.

मी खुशीत दुकान उघडलं.