दोनदा नाही, तिसऱ्यांदा हो

इराणमधल्या यझ्द शहरात, एका पाहुणेघरात बेहजत खानम स्वयंपाक करायची आणि मी चादरी धुवायची. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने इंग्रजीची शिकवणी धरली. पुढची दोन वर्षं कांदा चिरतानाही ती 'प्लीज', 'थँक यू', 'सॉरी' घोकत असायची आणि आम्ही हसायचो. तिला एकच गोष्ट हवी होती. परदेशी पाहुण्यांना आपला स्वयंपाक शिकवायचा, तोही स्वतः त्यांच्याशी बोलून.

तशी संधी चालून आली. हिलरी नावाची इंग्रज बाई सहली काढायची. एका सकाळी तिने विचारलं, "दर गुरुवारी आमच्या लोकांना शिकवाल का?"

बेहजतने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि अगदी सफाईने म्हणाली, "नो, थँक यू. माझी कुठली एवढी लायकी."

आमच्याकडे कुणी फळांची थाळी पुढे केली तरी आधी दोनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्याच वेळी हात घालणारा हावरट ठरतो. हिलरी "काही हरकत नाही" म्हणाली आणि निघून गेली.

"अगं, धाव तिच्यामागे," मी म्हटलं.

"वेडी आहेस का तुबा? विचारेल की परत. एकदा विचारून कुणी गप्प बसतं का?"

तीन दिवस ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून दाराकडे डोळे लावून होती. चौथ्या दिवशी कळलं, काम पलीकडच्या गल्लीतल्या महीनला मिळालं. जिला आमच्याकडे मानाची असलेली भाताची कुरकुरीत खरपुडी धड जमत नाही, तिला.

बेहजतने शिकवणीच्या मास्तरांना गाठलं. "तुम्ही 'नो, थँक यू' शिकवलंत. त्याच्यानंतर काय म्हणायचं?"

"त्याच्यानंतर काही नसतं, खानम. ते लोक तिथेच थांबतात."

मला मास्तरांचा राग आला. दोन वर्षांत एवढं सांगायला काय झालं होतं?

बेहजत हिलरीकडे गेली आणि ते काम आपल्याला हवं होतं, असं तिने सांगितलं.

"मग नाही का म्हणालात?" हिलरीला खरंच कळेना.

याचं उत्तर बेहजतला इंग्रजीत येत नव्हतं. आम्हाला ते फारसीतही देता आलं नसतं. काम गेलं ते गेलंच. हिलरीने मग विचारलं, "चहा घेणार?"

बेहजतचे कान तापले. "येस, प्लीज," ती म्हणाली, पहिल्याच वेळी.

ती परतल्यावर मी विचारलं, "कसा होता चहा?"

"बरा होता. दुसरा कपही घेतला असता मी. तिने विचारलंच नाही."