बॉम्बरचा डावा पंख

अचूकता हाच राष्ट्राचा खरा कणा आहे, हे वाक्य आमच्या साहेबांनी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या बॉम्बर विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा पाव इंचाहून जास्त लांब होता. वाक्य दुसऱ्या दिवशीच्या भाषणातलं होतं. विमानही दुसऱ्या दिवशीच द्यायचं होतं.

"देशपांडे, 'कणा' ठेवू की 'पाया'?"

"साहेब, आधी पंखाचं बघू या."

ही सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. नगरच्या एका ओतकाम कारखान्यात साहेब मॅनेजर आणि मी पॅटर्न शॉपचा इनचार्ज होतो. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आमच्याकडे पंप, पुली आणि साखर कारखान्यांचे सुटे भाग व्हायचे. विमान कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी नवी भट्टी बसली. उद्घाटनाला हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी यायचे होते. ते उमेदीत लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं बॉम्बर चालवायचे. ही विमानं नुकतीच सेवेतून गेली होती आणि त्यातलंच एक दुरुस्त करून, रंगवून परदेशातल्या संग्रहालयाला दिलं होतं. साहेबांनी पेपरात फोटो पाहिला आणि ठरवलं, "शाल-नारळ सगळेच देतात. आपण पाहुण्यांना त्यांचं विमान देऊ. सागवानी. स्केलमध्ये."

पाहुण्यांच्या एका मित्राने ड्रॉइंग आणि तीन फोटो पाठवले. तिन्ही फोटोंत विमानाचा रंग वेगळा. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"यातलं खरं कोणतं?"

"तिन्ही, साहेब. युद्धातलं, नंतरचं आणि दुरुस्तीनंतरचं."

"आणि शेपट्या दोन का? ड्रॉइंगवाला चुकला असेल."

"फोटोतही दोनच आहेत."

"तिन्ही फोटोंत?"

"हो."

ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण पाहुण्यांचं विमान म्हणून त्यांनी दुसरी शेपटी मंजूर केली.

खऱ्या विमानाचे दोन फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच, असं माप धरलं. पंख धडाच्या वर मधोमध एकमेकांना भिडतात. प्रत्येक पंख साडेसत्तावीस इंच. शॉपमधली बाकी माणसं एका घाईच्या ऑर्डरवर अडकली होती, म्हणून धड आणि उजवा पंख धोंडीबा मिस्त्रींनी करायचा आणि डावा मी, असं ठरलं. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मी बेंचवर काढली होती. ती विसरलेलो नाही हे लोकांना दिसावं, अशी माझी इच्छा होती. ते दिसलंच.

धोंडीबा मिस्त्री बेलापूरकडचे. अठ्ठावन्न पूर्ण होत आले होते आणि एक वर्षाच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. "घरी बसलो तर थोरला मला शेळ्या राखाया लावनार," ते म्हणत. "चाळीस वर्सं लाकूड तासलं. आता शेळ्यांचं मला काय कळतंय?"

तर आता हे विमान टेबलावर होतं, एक हात लांब करून थांबलेल्या माणसासारखं. मिस्त्री दारापाशी उभे होते.

"मोजा," साहेब म्हणाले.

मी खिशातली घडीची पट्टी काढून माझा पंख मोजला. साडेसत्तावीस. मिस्त्रींनी त्यांची पट्टी काढली आणि अंगठ्याचं नख रेघेवर धरत त्यांचा पंख मोजला. साडेसत्तावीस.

"मग दोन्ही सारखे आहेत," साहेब म्हणाले.

"हो."

"पण दिसताहेत लहानमोठे."

"हो."

साहेब खुर्चीवरून उठून टेबलाच्या पलीकडे गेले. तिकडूनही तसंच दिसलं. मग जोड तपासला. जोड बरोबर मध्यावर होता. दोन्ही पंख काढून शेजारी शेजारी ठेवले, तरी माझा लांबच. पुन्हा मोजले. पुन्हा साडेसत्तावीस आणि साडेसत्तावीस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आम्ही तिघंही वेडे वाटू. पॅटर्न शॉपमध्ये कोणी दुसऱ्याच्या पट्टीला हात लावत नाही. पट्टी ज्याची त्याची. दुसऱ्याचा चष्मा आपण मागत नाही, तसंच ते. त्यामुळे मी माझं मोजत होतो, ते त्यांचं मोजत होते, आणि अदलाबदल करावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी लाकडाचा सिद्धांत मांडला. हवेत दमटपणा असला की लाकूड फुगतं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. नगरचं ऊन होतं. शिवाय लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच, हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ते मी बोलून झाल्यावर आठवलं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचा."

"कुठनं वाचू?"

"तिथूनच."

मिस्त्रींनी दारातूनच वार, तारीख, तिथी वाचली. खालची प्रिंटिंग प्रेसची जाहिरातही वाचली. साहेब थोडे नाराज झाले.

"तरी वयाचा परिणाम असतोच," ते म्हणाले. "देशपांडे डिप्लोमा होल्डर आहेत. त्यांचा पंख बरोबर असणार. तुम्ही जा."

मिस्त्री "बरं" म्हणाले आणि गेले. साहेबांनी अर्ज ओढून घेतला. "मुदतवाढीचं जमणार नाही. सकाळी कार्यक्रम आहे, दुपारी पत्र देऊ. तुम्ही त्यांचा पंख नवीन करून घ्या."

मी "हो साहेब" म्हणालो. माझाच पंख बरोबर, हे ऐकायला बरं वाटलं होतं.

शॉपमध्ये आलो तर एका पुलीच्या पॅटर्नचं माप घेण्यासाठी फोरमन खोळंबला होता. मी खिशातून पट्टी काढली आणि माप दिलं. पुली बीडाची, पट्टी बीडाची, सगळं बरोबर. इतकं बरोबर की मला घाम फुटला.

कारण असं. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडे वेगळी, 'बीडाची' पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच. कारखान्यात मला दुसरी पट्टी लागतच नसे. पण लाकडी विमान कुठे ओतायचं नव्हतं, आणि ते आकसणारही नव्हतं.

मी मिस्त्रींच्या बेंचपाशी गेलो.

"मिस्त्री, तुमची पट्टी जरा द्या."

आजूबाजूचे रंधे थांबले. मिस्त्रींनी पट्टी दिली आणि लग्नाची बोलणी चालू असल्यासारखं दुसरीकडे बघत राहिले. मी दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून ठेवल्या. दोन फुटांवर बरोबर दोन सुतांचा फरक.

"ही साधी आहे," मी म्हणालो.

"व्हय. इमान लाकडाचंच ठेवायचं हाय ना?"

"माझी बीडाची आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी बघितलं हुतं तुमाला आखताना."

"मग बोलला का नाहीत?"

"आदी वाटलं, डाव्या पंखाचं पुढं ओतकाम करायचं असंल. साहेब लोकांचं आमाला काय कळतंय."

"आणि आत्ता? केबिनमध्ये?"

"आता मोठ्या साहेबांम्होरं तुमची पट्टी काढायची का मी?" ते म्हणाले. "पट्टी ज्याची त्याची."

"मुदतवाढ जाणार होती, मिस्त्री."

"शेळ्या तर शेळ्या," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून स्वतःची पट्टी काढून घेतली आणि धोतराला पुसली.

या माणसाने नोकरी पणाला लावून माझी अब्रू राखली, की मला नीट तोंडघशी पडू दिलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही खात्रीने सांगता येत नाही.

मी परत केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. साहेबांनी भाषणाचा कागद खाली ठेवला.

"म्हणजे चूक डिप्लोमाची?"

"माझी, साहेब."

"आणि मिस्त्री बरोबर?"

"सुतापर्यंत."

"अहो, पण भाषणात तुमचं नाव घातलंय. 'आमचे तंत्रज्ञ देशपांडे यांनी अचूक...'"

"ते काढा."

"टाइप झालंय." त्यांनी माझा पंख उचलून पाहिला. "दुरुस्तीला किती वेळ?"

"वीस मिनिटं. टोक रंध्याने उतरवतो. रुंदीतला फरक डोळ्याला कळणार नाही."

"मग झालं. हे बाहेर सांगू नका. मिस्त्रींचा अर्ज मी बघतो."

पंख मिस्त्रींनीच उतरवला. मी रंधा उचलला होता, पण त्यांनी "ऱ्हाऊ द्या" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मंडपात साहेबांनी अचूकतेवर वीस मिनिटं घेतली. पाहुण्यांनी मॉडेल हातात घेतलं, फिरवलं, शेपट्या मोजल्या. मग माइकवर म्हणाले की मॉडेल फार सुंदर झालंय, खरं विमान इतकं सरळ कधीच नव्हतं. त्यांच्या वेळी मोडक्या विमानांचे भाग जोडून एकेक उभं केलेलं असे, आणि डावा-उजवा पंख शेजारी ठेवून कोणी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की दोन माणसांचं उत्तर सारखं आलं, तर आधी त्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघाव्यात. पुढे मी साधी पट्टी वेगळ्या खिशात ठेवू लागलो. कोणता खिसा कोणत्या पट्टीचा, यात दोनदा घोटाळा झाला, तो वेगळा.

दुपारी मुदतवाढीचं पत्र आलं. एक वर्ष मंजूर. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला होता: 'दृष्टी उत्तम, काम अचूक.' ते पत्र मी शॉपमध्ये नेऊन मिस्त्रींना दिलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग आणखी थोडं लांब, आणि परत माझ्याकडे दिलं.

"तुमीच वाचा, साहेब," ते म्हणाले. "जवळचं मला दोन वर्सं झाली दिसत न्हाई. रेघा मी नखानं मोजतो."