डोहातली पोती

मी एका बेटावरची घाण पाण्यात बुडवली आणि त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. सत्काराची तेवढी सांगितली, तीही पुष्कळदा.

बेट म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्याकडे समुद्र कुठून आणायचा! अहमदपूरहून जळकोटकडे जाताना रस्त्यापासून आत एक तलाव आहे. तलाव होण्याआधी तिथं नुसती महादेवाची टेकडी होती. खाली ओढा, ओढ्याला एक खोल डोह, आणि भोवती काळी रानं. बांध घातला, पाणी अडलं, रानं बुडाली आणि एका पावसाळ्यात महादेव बेटावर जाऊन बसला. देवाला काय वाटलं कोण जाणे, लोकांना मात्र भारी गंमत वाटली. चालत जाऊन नारळ फोडण्यापेक्षा नावेतून जाऊन फोडण्यात पुण्य जास्त, असं सगळ्यांचं मत पडलं. नांदेडकडून कंधार-मुखेडची माणसं येऊ लागली, इकडून उदगीर-लातूरची. ज्यांनी महादेवाला कधी हात जोडले नव्हते तेही नावेत बसायला म्हणून आले.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा नवा झाला, उस्मानाबादपासून वेगळा. नवं घर बांधलं की पाहुण्याला दाखवायला काहीतरी लागतंच, तसं नव्या जिल्ह्याचं झालं होतं. आमचं बेट साहेबलोकांच्या नजरेत भरलं. ‘पर्यटनस्थळ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तहसीलच्या बैठकीत. मी जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो. अक्षर चांगलं, आवाज मोठा आणि पुढं पुढं करायची खोड. शिवरात्रीच्या जत्रेनंतर बेट स्वच्छ करायची जबाबदारी माझ्यावर आली. खरं सांगायचं तर आली नाही, मीच हात वर केला.

जत्रा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी पारण्याचा महाप्रसाद. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बेटावर पाय ठेवला आणि नाकाला रुमाल लावला. पत्रावळी, द्रोण, नारळाच्या शेंड्या, फुटक्या बांगड्या, आंबलेला भात, तुटक्या चपला. प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा नव्यानं आल्या होत्या. लोक त्या जपून घडी घालूनही ठेवत आणि टाकूनही देत. आणि बेटाच्या मागच्या उतारावर, झुडपांच्या आडोशाला, दोन दिवसांत हजारभर माणसं बसून गेलेली. बेटावर संडास नव्हता. नावेची, नारळाची, फोटोवाल्याची सोय आम्ही केली होती, एवढीच राहून गेली होती.

ते काम आम्ही मास्तरमंडळी करणार नव्हतो, हे न बोलताच ठरलं होतं. काठावर बौद्धांची पंधरा-वीस घरांची वस्ती होती. तिथल्या एका बाईकडे मी गेलो. चाळिशीची असेल, नवरा गेलेला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो. मी काय काम आहे ते सांगितलं.

“गुरुजी, माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या सालापासून आमच्या घरानं गावाची घाण उचलली न्हाई,” ती म्हणाली.

“ही गावाची कुठं आहे मावशी? ही पर्यटनस्थळाची आहे,” मी म्हणालो आणि स्वतःच्या विनोदावर हसलो. ती हसली नाही. पण रोजगार हमीचं काम तेव्हा बंद होतं, ते मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की मला ते ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ती आणखी एका बाईला घेऊन आली, पदर नाकाला बांधला आणि सगळा उतार राख टाकून फावड्यानं साफ केला. युरियाची रिकामी पोती भरली. मी झाडाखाली उभा राहून “इकडचं राहिलं, तिकडचं राहिलं” करत होतो.

आता पोत्यांचं करायचं काय? आधी एक पोतं पेटवून पाहिलं, तर वाळलं गवत धरलं आणि देवळामागचा लिंब अर्धा करपला. पुजारी माझ्या अंगावर धावून आला. पुरायचं म्हणावं तर वीतभर मातीखाली सगळा खडक. काठावर न्यावं तर शेतकरी काठ्या घेऊन उभे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. तालुक्याला न्यायला ट्रॅक्टर मिळेल असं तहसीलात सांगितलं होतं, तो मिळाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन बेट बघायला येणार होते.

मग मला सुचलं. बायांना पहिल्या नावेनं परत पाठवलं. मावशीनं विचारलंही, “पोती कुठं नेणार?” मी म्हणालो, “तालुक्याला, खड्ड्यात.” ती गेल्यावर नावाड्याला हाताशी धरलं, प्रत्येक पोत्यात दोन-दोन दगड घातले, तोंडं सुतळीनं आवळली आणि दिवस मावळायच्या आत सगळी पोती पाण्यात सोडली. पाण्यात टाकलेलं दिसत नाही, एवढा साधा माझा विचार. बुडबुडे आले, थांबले, आणि तलाव पुन्हा पहिल्यासारखा झाला. मला फार हलकं वाटलं. साहेब आले, म्हणाले, “वा, काय स्वच्छता आहे!” त्या पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला. भाषणात मी श्रमदान हा शब्द सात-आठ वेळा वापरला. मावशी झेंड्याला आली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षीही तेच केलं. तिसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. मृग कोरडा गेला, पोळ्याला चार थेंब आले, पुढं काहीच नाही. शिवरात्रीपर्यंत तलाव निम्म्याहून खाली उतरला होता. नाव अजून चालत होती, पण एका बाजूनं माणूस कमरेइतक्या पाण्यातून बेटावर जायचा. आदल्या वर्षीच्या दोन पोत्यांची ढुंगणं चिखलातून वर आली होती. मी ती आणि बांबूनं चाचपून सापडली ती बाकीचीही जत्रेआधीच घाईनं ओढून काढून घेतली आणि नवी कुठं बुडवायची याची काळजी करत बसलो. नावाडी म्हणाला, “गुरुजी, जुना डोह हाय की. माझा बांबू तळाला टेकत न्हाई तिथं.” बांबू टेकत नाही म्हटल्यावर मी खूश झालो. वर काढलेली जुनी आणि त्या वर्षीची सगळी पोती, पत्रावळी, आंबलेला भात आणि मागच्या उतारावरचं सगळं, आम्ही त्या डोहात सोडलं. तीसेक पोती असतील.

दुष्काळात तलाव आटला की शेवटचं पाणी कुठं राहतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मी लिंगायत व्यापाऱ्याच्या घरचा. पण हे कारण मी स्वतःलाच देतो. खरं म्हणजे मी विचारच केला नाही. मला उद्याची सकाळ दिसत होती आणि साहेबाचा चेहरा दिसत होता.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. कुणी मेलं नाही. वस्तीवर हगवण लागली, म्हातारी माणसं आणि लेकरं बेजार झाली. दवाखान्याची जीप आली, पाण्यात पावडर टाकून गेली. पुढच्या मृगात पाऊस झाला, तलाव भरला आणि पोती पुन्हा बांबू टेकणार नाही इतकी खोल गेली. मी दोन वर्षांनी बदली करून घेतली, आधी किनवटकडे आणि मग नांदेडला, आणि तिथंच राहिलो. म्हणजे तसं पाहिलं तर काही झालं नाही. असं मी बरीच वर्षं म्हणत आलो.

त्याच दुष्काळातल्या मे महिन्याची गोष्ट. सुट्टीत मी अहमदपूरला घरी होतो. ओळखीचे एक तलाठी एसटी स्टँडवर भेटले. चहा पिता पिता टँकरच्या कटकटी सांगत होते. कुठल्या गावाला नियमात टँकर बसतो, कुठल्याला बसत नाही. सहज म्हणाले, “त्या तलावाकाठच्या वस्तीला न्हाई बसत. आड आटलाय त्यांचा, पण डोहात पाणी हाय ना अजून. पाणी असल्यावर टँकर कसा द्यायचा?” मी कप तसाच ठेवला. ते पुढं दुसऱ्या गावाचं सांगत होते, ते मला ऐकूच आलं नाही.

म्हणजे मी एक शब्द बोललो असतो तर टँकर सुरू झाला असता. डोहातलं पाणी पिण्यालायक नाही, त्यात काय आहे ते मला माहीत आहे, कारण ते मी टाकलंय. एवढंच तलाठ्यांना तिथल्या तिथं सांगायचं होतं. मी म्हणालो, “उन्हाळा कडक आहे यंदा.” ते म्हणाले, “हाव ना.” आणि मी चहाचे पैसे देऊन घरी आलो.

आठ दिवस काढले. रोज ठरवायचो. अर्ज लिहावा, बिनसहीचा. पण माझं अक्षर तहसीलात सगळे ओळखत. मुख्याध्यापकांना सांगावं, पण सत्काराला तेच अध्यक्ष होते. घरात माठातलं पाणी अर्धवट पिऊन तांब्या खाली ठेवायचो. आई म्हणायची, “ऊन बाधलंय तुला.” शेवटी वाटलं, साहेबाला नाही तर नाही, निदान वस्तीला सांगावं. मावशीला सांगावं. ती चार शिव्या देईल, तो तिचा हक्कच आहे. नवव्या दिवशी सकाळची गाडी धरली, फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो.

तलाव म्हणजे भेगाळलेली काळी जमीन झाली होती. बेट कुठलं, पुन्हा नुसती टेकडी. नाव चिखलात कलंडलेली, नावाडी कधीच पोट भरायला निघून गेलेला. मधोमध डोह, आता एखाद्या मोठ्या खळ्याएवढा, हिरवट काळं पाणी. जवळ जाताच वास आला. तो वास मी ओळखला. काठावर मावशी एकटीच बसली होती, घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून वाटीवाटीनं पाणी ओतत.

“गुरुजी! तुमी? भर उन्हाचं?”

“आलो सहज,” मी म्हणालो. “पाणी कसं आहे?”

“हाय म्हणायचं. लई वास मारून राहिलंय. दोनदा गाळून घेतो. लेकरायला उकळून द्या म्हणते नर्सबाई, जळण कुठून आणावं? अर्ज केला तर साहेब म्हणला, डोहात पाणी हाय की तुमच्या.” ती वैतागून बोलत नव्हती. कुणी पावसाची गोष्ट सांगावी तसं सांगत होती.

“मावशी, तुला एक सांगायचं होतं.”

“सांगा की. आधी पाणी पिवा. लांबून चालत आलाव.”

तिनं तांब्या मातीनं घासला, विसळला. गाळलेल्या घागरीतलं पाणी भरलं, पदरानं तांब्याचं बूड पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. माझे ओठ उन्हानं फुटले होते. दोन मैल चाललो होतो. तांब्यातल्या पाण्याकडे बघितलं.

“नको,” मी म्हणालो. “तहान नाही.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घाम गळत होता, जीभ टाळूला चिकटली होती; तहान नाही हे कुणालाही पटलं नसतं. मग तिचा चेहरा हळूच मिटला. तिनं हात मागं घेतले.

“हाव,” ती म्हणाली. “माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तुमी गळ्यात लिंग बांधणारी माणसं. आमच्या हातचं कसं चालंल?”

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी शाळेत पोरांना सगळे सारखे म्हणून शिकवणारा, चौदा एप्रिलला वस्तीवर येऊन भाषण करणारा मास्तर. “तसं नाही गं मावशी” हे शब्द माझ्या तोंडात आले होते. ते बोललो असतो तर तिनं विचारलं असतं, “मग कसं?” आणि मला सांगावं लागलं असतं. मी मान खाली घातली. शिवाशिव पाळणारा म्हणून तिच्या मनात राहिलेलं मला चाललं.

“असू द्या,” ती म्हणाली. “काढलेलं पाणी सांडू न्हाई या दिसांत.” आणि तोच तांब्या तिनं स्वतःच्या तोंडाला लावला. माझ्यासमोर, घटघट, सगळा प्याली. मी हात पुढं केला नाही. पदरानं तोंड पुसून ती माझ्याकडे वळली.

“काय सांगत होताव गुरुजी?”

“काही नाही,” मी म्हणालो.