भंगारात न सापडलेल्या दोन हार्ड डिस्क

ती घटना आठवली की आजही माझा उगारलेला हात आपोआप खाली येतो. माझ्या आवाजानं सौंसर पोलीस ठाण्याची कौलं हलत आणि पांढुर्ण्याच्या बाजारातले बैल कान टवकारत, हे जुने शिपाई शपथेवर सांगतील. पण त्या दिवशी मला एका फिटरनं दटावलं.

बोरगावकडच्या एका सूतगिरणीतली मोठी मशीन माझ्या नोकरीइतक्याच जुन्या संगणकावर चाले. त्याची हार्ड डिस्क बंद पडली. तशी डिस्क आता बाजारात मिळत नाही. स्टोअरच्या कपाटात तोच प्रोग्रॅम भरलेल्या दोन जपून ठेवलेल्या होत्या, त्या गायब. मालकानं बजावलं होतं, शनिवारपर्यंत मशीन फिरली नाही तर ती विकणार आणि तिच्यावरचे चाळीस मजूर घरी. नव्या मॅनेजरनं अर्जात थेट गिरणीच्या जुन्या फिटरचं नाव लिहिलं.

आम्ही फिटरच्या घराची झडती घेतली. काही मिळालं नाही. शुक्रवारी दुपारी गिरणीच्या फाटकावरचा चहावाला, माझा जुना खबरी, कानाशी लागला.

"साहेब, लोधीखेड्याचा भंगारवाला मॅनेजरले शिव्या देऊन राहिला. यादीत दोन डिस्क होत्या म्हणते, पोत्यात एकही नाही निघाली."

ती यादी मागवली. खाली मॅनेजरची सही. घडी करून खिशात ठेवली आणि फिटरला समोर बसवलं. पन्नाशीचा माणूस, तीन तास मान खाली.

"मले माहीत नाही जी," एवढंच.

मग मी ठाण्याच्याच मेलेल्या संगणकातली डिस्क फडक्यात गुंडाळून आणली. "तुझ्या घरी सापडली," म्हणालो आणि टेबलावर आपटायला हात डोक्यावर नेला.

त्यानं उसळून माझं मनगट धरलं. पेंचच्या वाघानंही ती हिंमत केली नसती.

"आपटू नका ना बापा. सपाट धरा. दुसरी कोठीतच राहिली का?"

"कोणती कोठी?"

"ज्वारीची." त्यानं माझं मनगट सोडलं. "मॅनेजरसाहेब भंगारात देऊन राहिले होते. मी गेटपास नसताना घरी नेल्या. सांगतो तर माही नोकरी जाते, नाही सांगत तर साऱ्यांची. तुमीच सांगा, काय करू?"

पंचांसमोर कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या दोन्ही डिस्क. त्या फिटरच्या मांडीवर होत्या म्हणून माझी जीप गिरणीपर्यंत बैलगाडीच्या मागून गेली.

मॅनेजर फाटकातच म्हणाला, "बेड्या ठोका त्याला."

मी यादी उलगडली. "तुमच्या सहीनं हे भंगार आहे. भंगाराची चोरी लिहून ही यादी मालकाला दाखवू, की अर्ज मागे घेता?"

त्यानं खिशातून पेन काढलं.

फिटरनं पहिली डिस्क बसवली. पडदा काळाच राहिला. चाळीस माणसं मागे उभी होती. दुसरी त्यानं सपाट धरून हळूच आत सरकवली. मी टॉर्च धरला होता. पडद्यावर एक ओळ उमटली, मग दुसरी, आणि मशीन गरजली.

विकायला नेणारा वस्तूची किंमत सांगतो. जपायला नेणारा ती कशी धरायची ते सांगतो. हे मला त्या फिटरनं शिकवलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत झडतीत सापडलेली कोणतीही वस्तू मी टेबलावर आपटली नाही.