तोइवो

हाताला लावायच्या सॅनिटायझरचा वास आला की मला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हॉस्पिटलमधली ती काचेची पेटी आठवते. सातव्या महिन्यात जन्मलेला आमचा मुलगा तिच्यात नळ्यांच्या गुंत्यात पडला होता. पेटीवरच्या कार्डावर नावाची जागा कोरी होती, कारण सासूबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "बारशाआधी नाव ठेवायचं नाही हं." एस्टोनियाची नर्स वैतागली. "मग मी ह्याला हाक कशी मारू?" म्हणत तिने सरळ आपल्या आजोबांचं नाव लिहून टाकलं, तोइवो. मूळ फिनलंडचं, म्हणाली, पण आमच्याकडेही ठेवतात, अर्थ आशा. मी खवळलेच. आमच्या बाळाला कुठल्या परक्या म्हाताऱ्याचं नाव? खोडायला पर्समध्ये पेन शोधत होते, तेवढ्यात मॉनिटर किंचाळला. बाळाचा श्वास थांबला होता. नर्सने पेटीत हात घालून त्याची पाठ चोळली. "तोइवो! श्वास घे, तोइवो!" किती वेळ गेला कोण जाणे, आणि छाती हलली. बाराव्या दिवशी आत्याने फोनवरूनच त्याच्या कानात ठरलेलं नाव सांगितलं. आता तो माझ्याहून उंच झालाय, मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देतो. पण कधी सोफ्यावर गाढ झोपलेला दिसला की मी थांबते, हळूच "तोइवो" म्हणते, आणि छाती हललेली पाहूनच पुढे जाते.