तिसऱ्या वाक्यातली पोट्टी

आमच्या मराठीच्या सरांसारखा निबंधाचा वास घेणारा माणूस अख्ख्या मोहाडी तालुक्यात झाला नाही, आणि गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा झाल्यावर तर उरलेल्या अर्ध्यात नक्कीच नाही. त्यांचा दावा साधा होता. "नाव झाका, अक्षर झाका, नुसतं वाचून दाखवा. तिसऱ्या वाक्यात सांगतो, पोट्टं हाय का पोट्टी." मधल्या सुट्टीत गणिताच्या मॅडम कुठलीही वही उचलून वाचायच्या. सर डोळे मिटून ऐकायचे आणि खडूने माखलेलं बोट झटकून निकाल द्यायचे. "कोवळं ऊन आलं. पोट्टी!" बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. मुलीने कोवळं ऊन लिहिलं की तिला दहापैकी आठ मिळत, मुलाने रणरणतं लिहिलं की त्याला आठ. पाचवीपासून आम्ही सगळे सरांना ओळखू येईल असंच लिहायला शिकलो होतो.

तरी या माणसावर रागावणं कठीण होतं. आठवडी बाजारात ते खिशात खडू ठेवून फिरत आणि पाट्यांवरच्या वेलांट्या सुधारत. वांगी विकणारी बाई ओरडायची, "मास्तर, भाव तर नाही ना खोडला?" धानाच्या रोवणीत मुली शाळेतून गायब झाल्या की सर चपला हातात घेऊन बांधावर जायचे. "पोरीले उद्या पाठव, नाही तर मीच इथं वर्ग भरवतो," असं एका बापाला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच फळा घेऊन पोचले. मात्र त्याच मुली शाळेत परतल्या की त्यांना निबंधाला विषय मिळायचा, 'माझी आवडती रांगोळी'. यात काही विसंगत आहे असं सरांना कधी वाटलं नाही.

मी नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जायचा होता. विषय होता 'आठवणीतली सकाळ'. नावं कागदाच्या मागे लिहिलेली. मॅडमनी वर्गातच वाचायला घेतलं. एका कागदात बहिणीच्या लग्नानंतरची पहिली सकाळ होती. घरातला हातमाग बंद, बहिणीच्या बसण्याने गुळगुळीत झालेली फळी, आणि आई त्या फळीवर कुणाला बसू देत नाही. "पोट्टी," सर म्हणाले, "आणि मोठी गुणाची पोट्टी." मॅडमनी कागद उलटला. "हेमराज." वर्गात हशा फुटला. मागून कुणीतरी "हेमाताई!" ओरडलं. सर ओशाळले आणि ओशाळलेपणातच बोलून गेले, "अरे गड्या, असं रडूबाईसारखं लिहितेत का?" हेमराज बाकाकडे बघत राहिला.

त्यानंतर माझा कागद निघाला. त्यात बाबांना कामावर पोचवल्याची सकाळ होती. बाबा वरठीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांचा पाय सुजला होता आणि पाळी चुकली तर खाडा पडणार होता, म्हणून मी त्यांना सायकलवर मागे बसवून नेलं होतं. तीनदा चेन उतरली, हात काळे झाले, भोंगा झाला तेव्हा फाटक दहा पावलांवर होतं. सर उठूनच उभे राहिले. "पोट्टं! याले म्हणते गडी!"

मॅडमनी माझं नाव वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"भावानं लिहून देल्लं?" सरांचा आवाज बारीक झाला होता.

"मले भाऊ नाही, सर."

"मग बाबानं."

"बाबा सहीपुरतंच लिहिते."

"मामा?"

मी रडले नाही. रडले असते तर त्यांचंच खरं ठरलं असतं. त्यांनी मला रिकाम्या खोलीत नेलं, समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "आत्ता लिही. पाहिजे तो विषय घे." ते खिडकीशी उभे राहिले. मी पेन इतकं दाबलं की पहिल्या ओळीत कागद फाटला. मी विषय शोधला नाही. दहा मिनिटांपूर्वी वर्गात जे झालं तेच लिहिलं, 'मामा?' पर्यंत. सरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "जा व पोरी, घरी जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात सांगितलं, "माझं चुकलं. निबंध हिचाच आहे, आणि तोच जाईल." मग ते हेमराजच्या बाकापाशी गेले. "तुझाही फार चांगला होता बाबा. काल मी वंगाळ बोललो. एकच पाठवता येते, नाही तर दोन्ही पाठवले असते. पण तू लिहीत जा."

हेमराज उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, तो माझा नव्हता. बहिणीनं लिहून देल्ला होता."

त्या सकाळी बहीण सासरी होती, त्यामुळे सरांना ते खोटं आहे हे कळलं. मलाही. पण वर्ग मोकळा होऊन हसला आणि 'हेमाताई' त्या दिवसापासून बंद झालं. त्यापुढे हेमराजने प्रत्येक निबंधात रणरणतं ऊन लिहिलं. माझा स्पर्धेत नंबर आला नाही. सरांचा तो खेळही संपला. मॅडमनी वही उचलली की ते कामाचं निमित्त करून बाहेर जायचे.

आता मी स्वतः शिकवते. सर निवृत्त झाले, कानांनी कमी ऐकतात, त्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी जाते. चहा होतो, माझ्या वर्गातल्या मुलामुलींचे निबंध ते मोठ्या हौसेने वाचतात आणि कुणाचा आहे हे विचारत नाहीत. निघताना मात्र नेमकं विचारतात, "हेमराज काही लिहिते का व आता?" मी नाही म्हणून मान हलवते. ते दारापर्यंत येतात आणि जरा मोठ्याने, जणू माझंच ऐकणं कमी झालं असावं तसं म्हणतात, "ती फळी मी विसरलो नाही म्हणून सांगजो त्याले."