बोर्डापासून हातभर बाजूला

त्याला आम्ही मित्र ओळंबा म्हणायचो. घरोघरी राउटर बसवायचा आणि भिंतीवर तो तसूभरही तिरका झालेला त्याला खपायचा नाही. कामाआधी मेन स्विच बंद. "बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, वायर तिथूनच जाते," हे त्याच्याकडून ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र राउटर पुढच्या खोलीत कपाटावर पडून होता. मागच्या खोलीत त्याचे बाबा, ऑक्सिजनच्या मशीनवर. डॉक्टर त्यांना व्हिडिओ कॉलवर तपासायचे आणि दर वेळी चित्र अडकायचं. त्या दुपारी डॉक्टरांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. हा उठला.

"बाबांच्या उशाशीच बसवतो. धर स्टूल. आणि कविता करत बसू नकोस."

"पडलास तर करीन."

"यमक तरी जुळव मग."

त्याची आई दारातून म्हणाली, "अरे, आधी मेन बंद कर की."

"मग बाबांचं मशीन कशावर चालेल? वायर बोर्डाच्या सरळ वर असते, आई. मी चांगलं हातभर बाजूला करतोय."

त्याचं बॅटरीवरचं ड्रिल दुकानात राहिलं होतं. त्याने बाबांचं जुनं, लोखंडी अंगाचं काढलं. बाबा वायरमन होते. घरातलं वायरिंग त्यांच्याच हातचं.

बाबांनी हात वर केला. मास्कच्या आत काहीतरी पुटपुटले.

"हो हो, साहेब, सरळच लावतो," तो हसून म्हणाला. ड्रिल सुरू केलं.

तो मागच्या मागे पडला. डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. मी धरलेलं स्टूल जागचं हललंही नव्हतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबा बोलले ते आठवड्याने. मास्क बाजूला सारून, एकेक शब्द.

"घर नवं होतं. वायर कमी पडली. तिरकी टाकली."

बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली. बोर्डापासून थेट त्या भोकापर्यंत.

"मी असं करीन, हे त्याच्या मनातही आलं नसेल."

"बोलू नका," आई म्हणाली. "दम लागतो." तिने मास्क परत लावला.

भोक तसंच आहे. राउटर कपाटावर. डॉक्टरांचा फोन येतो. बाबा तो कुणाला उचलू देत नाहीत.